पक्षविसर्जनानंतर : भारतीय नवमानवतावादी चळवळीतील संघटना आणि लोककार्य

१

डिसेंबर १९४८ मध्ये कलकत्त्यास भरलेल्या अधिवेशनात रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाने स्वतःचे विसर्जन केले. निवडणुकीत पराभूत झालेले पक्ष फुटतात, दुसऱ्या पक्षात विलीन होतात किंवा नावापुरते उरतात. परंतु पक्षपद्धतीच लोकशाहीस बाधक आहे असा तात्त्विक निष्कर्ष काढून एखाद्या पक्षाने आपण होऊन आपले अस्तित्व संपवावे, ही घटना आधुनिक भारताच्या राजकीय इतिहासात विरळाच म्हटली पाहिजे. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या वैचारिक चरित्रातील अखेरचे वळण म्हणून या घटनेचा विचार पुष्कळदा होतो. तिचे दुसरेही एक अंग आहे. पक्ष गेल्यावर त्यातील माणसे कशाच्या बळावर एकत्र राहिली, आणि सत्तेचा मार्ग सोडल्यावर आपल्या मागण्या त्यांनी समाजापुढे व शासनापुढे कोणत्या मार्गाने मांडल्या, हे दोन प्रश्न त्या विसर्जनातूनच निर्माण झाले. त्यांचा विचार केल्यावाचून चळवळीचे ऐतिहासिक मूल्यमापन पूर्ण होत नाही.

२

रॉय यांना १९३१ मध्ये मुंबईत अटक झाली. कारावास भोगून ते नोव्हेंबर १९३६ मध्ये बाहेर पडले आणि काँग्रेसमध्ये दाखल झाले. एप्रिल १९३७ मध्ये त्यांनी ‘इंडिपेंडंट इंडिया’ हे साप्ताहिक सुरू केले. १९३९ मध्ये काँग्रेसअंतर्गत त्यांच्या अनुयायांचा एक गट बांधला गेला आणि डिसेंबर १९४० मध्ये स्वतंत्र पक्षाची स्थापना झाली. महायुद्धात फासिझमचा विजय होणे हेच मानवजातीवरील सर्वांत मोठे संकट होय, या भूमिकेतून पक्षाने दोस्त राष्ट्रांना पाठिंबा दिला व १९४२ च्या आंदोलनास विरोध केला. या काळात पक्षाशी निकट असलेल्या इंडियन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार संघटनेस युद्धप्रचारासाठी दरमहा १३,००० रुपयांचे सरकारी साहाय्य मिळत असे. त्यावरून उठलेल्या टीकेचा कलंक पुढे दीर्घकाळ पुसला गेला नाही. १९४४ मध्ये पक्षाने जनता योजना आणि स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेचा मसुदा हे दोन अभ्यासपूर्ण दस्तऐवज प्रसिद्ध केले. तथापि १९४६ च्या निवडणुकांत मतदारांनी पक्षास साफ नाकारले.

या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा लक्षणीय होता. वाईच्या प्राज्ञपाठशाळेतील तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, मूळचे सासवडचे असलेले व वकिली बाजूस ठेवून पक्षाचे पूर्णवेळ काम पत्करणारे वि. म. तारकुंडे, कामगार क्षेत्रातील व. भ. कर्णिक, शिक्षणक्षेत्रातील गोवर्धन पारीख, पत्रकारितेतील ह. रा. महाजनी ही त्यांतील प्रमुख नावे होत. या नामावलीवरून चळवळीचे सामाजिक स्वरूपही ध्यानात येते. शास्त्री, वकील, प्राध्यापक, संपादक व कामगार संघटक यांचा हा समुदाय होता. लेखन, व्याख्यान व चर्चा ही त्याची स्वाभाविक साधने होती. त्याची शक्ती तेथे होती आणि मर्यादाही तेथेच होती.

३

१९४६ च्या मे महिन्यात डेहराडून येथे भरलेल्या अभ्यासशिबिरात जी चर्चा सुरू झाली, तिची परिणती त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईच्या अधिवेशनाने स्वीकारलेल्या बावीस सूत्रांत झाली. व्यक्ती हे समाजाचे मूळ परिमाण होय. स्वातंत्र्याची प्रेरणा व सत्याचा शोध या मानवी प्रगतीच्या मूलप्रेरणा होत. राष्ट्र वा वर्ग अशा कोणत्याही समूहाच्या नावाने व्यक्तीचा बळी देणे समर्थनीय नाही, हा त्या सूत्रांचा इत्यर्थ होता. मात्र हे तत्त्व स्वीकारल्याबरोबर एक विसंगती उघड झाली. पक्ष म्हटला म्हणजे शिस्त आली, बहुमताचा आदेश आला, सत्तेची स्पर्धा आली. आणि या तिन्ही गोष्टी व्यक्तीच्या विवेकावर मर्यादा घालणाऱ्या आहेत. म्हणून कलकत्त्याच्या अधिवेशनात पक्ष विसर्जित करताना एकोणिसाव्या व विसाव्या सूत्रांतही तदनुरूप बदल करण्यात आले. यापुढे स्थानिक लोकसमित्यांच्या पायावर लोकशाही उभारावी, आणि त्यासाठी लागणारी विवेकशील माणसे शिक्षणाने घडवावीत, असे ठरले.

संघटनेविषयीचा हा पेच महाराष्ट्राला अगदीच नवा नव्हता. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेली परमहंस सभा जातिभेद मोडू पाहत होती, परंतु तिचे सारे काम गुप्ततेवर आधारलेले होते. १८६० मध्ये सभासदांची नावे फुटताच ती मोडली. परमहंस सभेला प्रकट होण्याचे भय होते, तर नवमानवतावाद्यांना संघटना सत्ताकेंद्र होण्याचे भय होते. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : रूढ समाजाविरुद्ध विचार करणाऱ्या थोड्या माणसांनी परस्परांना कोणत्या बंधनाने बांधून घ्यावे?

४

पक्षविसर्जनानंतर हे बंधन तीन साधनांनी निर्माण झाले. पहिले अभ्यासशिबिर. १९४६ मध्ये डेहराडून येथे स्थापन झालेली इंडियन रेनेसाँ इन्स्टिट्यूट आणि तेथील रॉय यांचे निवासस्थान ही या चळवळीची केंद्रे बनली. शिबिरात ठराव संमत करून घेण्यापेक्षा मतभेद शेवटपर्यंत तपासण्यास अधिक महत्त्व असे. दुसरे साधन नियतकालिक. ‘इंडिपेंडंट इंडिया’ने १९४९ मध्ये ‘द रॅडिकल ह्यूमॅनिस्ट’ हे नाव धारण केले. विखुरलेल्या वाचकांना आपण एका विचारविनिमयाचे भागीदार आहोत, ही जाणीव त्यातून होत राहिली. तिसरे साधन व्यक्तिगत स्नेहाचे. सभासदत्वाची वही नसलेल्या समुदायात पत्रव्यवहार, परस्परांच्या घरचा मुक्काम आणि सहकाऱ्याच्या लेखनावरील परखड अभिप्राय यांनाच संघटनेचे स्थान मिळते.

या सैल बांधणीने चळवळीला एक आंतरराष्ट्रीय स्थानही मिळवून दिले. ऑगस्ट १९५२ मध्ये अॅमस्टरडॅम येथे जो आंतरराष्ट्रीय मानवतावादी व नैतिक संघ स्थापन झाला, त्याच्या संस्थापक संघटनांत युरोप-अमेरिकेतील संस्थांबरोबर भारतीय नवमानवतावादी चळवळीचा समावेश होता. जून १९५२ मधील अपघातामुळे रॉय त्या परिषदेस उपस्थित राहू शकले नाहीत. हाच संघ २०१९ पासून ‘ह्यूमॅनिस्ट्स इंटरनॅशनल’ या नावाने ओळखला जातो.

परंतु स्नेहावर उभा असलेला समुदाय व्यक्तींबरोबर क्षीण होतो, हेही लवकरच प्रत्ययास आले. २५ जानेवारी १९५४ रोजी रॉय यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात केंद्र सांभाळणाऱ्या एलन रॉय यांची डिसेंबर १९६० मध्ये डेहराडून येथील घरातच हत्या झाली. १९६९ मध्ये भारतीय रॅडिकल ह्यूमॅनिस्ट असोसिएशनची स्थापना करण्यात आली. पक्ष नको, परंतु काही एक नियमबद्ध संस्था हवी, ही त्या स्थापनेमागील जाणीव होती. पक्षविसर्जनानंतर सुमारे दोन दशकांनी चळवळीने आपल्या मूळ भूमिकेत केलेली ही दुरुस्ती होय, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

५

लोककार्याच्या बाबतीत चळवळीचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. ज्या लोकसमित्यांवर रॉय यांनी भिस्त ठेवली होती, त्या व्यापक प्रमाणावर कधीच उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्या जागी एकेका प्रश्नाभोवती बांधलेल्या स्वतंत्र संस्था पुढे आल्या. डॉ. इंदुमती पारीख यांनी स्त्रीहितकारिणी या संस्थेद्वारे मुंबईच्या कामगारवस्तीत स्त्रियांचे आरोग्य व कुटुंबनियोजन यांचे काम केले. अ. भि. शहा यांनी इंडियन सेक्युलर सोसायटीच्या द्वारे धर्मनिरपेक्षतेचा पुरस्कार केला. सात मुस्लिम स्त्रियांसह १९६६ मध्ये मुंबईच्या विधानभवनावर मोर्चा नेणाऱ्या व १९७० मध्ये पुण्यास मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापणाऱ्या हमीद दलवाई यांच्या पाठीशी शहा उभे राहिले. यांपैकी कोणत्याही कामात सहभागी होणाऱ्याला बावीस सूत्रे मान्य करावी लागत नव्हती.

या पद्धतीचा सर्वांत परिणामकारक आविष्कार तारकुंडे यांच्या उत्तरायुष्यात दिसतो. १९५७ ते १९६९ या काळात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिल्यानंतर त्यांनी दिल्लीस सर्वोच्च न्यायालयात वकिली आरंभिली आणि १९७० पासून ‘द रॅडिकल ह्यूमॅनिस्ट’चे संपादन हाती घेतले. १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्याबरोबर त्यांनी सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी ही संस्था उभारली. त्याच सुमारास निवडणूक सुधारणांसाठी नेमलेल्या आणि त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समितीने १९७५ मध्ये अहवाल दिला. मतदाराचे किमान वय अठरा असावे ही त्यातील एक शिफारस होती. घटनेच्या एकसष्टाव्या दुरुस्तीने १९८९ पासून ती तरतूद अमलात आली. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, नागरी स्वातंत्र्याच्या रक्षणार्थ जी संघटना स्थापन झाली तिचेही नेतृत्व त्यांच्याकडे आले. १९८० मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या नावाने ती नियमित सभासदत्व असलेली संघटना बनली. तिच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकण्याच्या सरकारी अधिकारावर निर्बंध घातले.

यातील मर्म असे की, नागरी स्वातंत्र्याच्या व्यासपीठावर गांधीवादी, समाजवादी, उदारमतवादी असे नाना मतांचे लोक एकत्र आले. नवमानवतावाद्यांनी तेथे आपल्या तत्त्वज्ञानाचा आग्रह धरला नाही. व्यक्ती हे अंतिम मूल्य आहे, या तत्त्वाचे कायद्याच्या भाषेत रूपांतर करून ते त्यांनी सर्वांना स्वीकारार्ह केले.

६

तथापि या यशाचे मोलही द्यावे लागले. संस्था जसजशा रुजल्या, तसतशी त्यांच्यामागील विचारसरणी दृष्टीआड झाली. नागरी स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या पुढील पिढीतील अनेकांना त्या चळवळीचा डेहराडूनच्या शिबिरांशी असलेला संबंध ठाऊकही नसावा. कार्याला अनुयायी मिळाले. विचाराला वारस मिळालेच, असे म्हणता येत नाही.

तुलनेसाठी महाराष्ट्रातीलच दुसरे उदाहरण घेता येईल. १९८९ मध्ये नरेंद्र दाभोलकर यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने गावोगावच्या शाखा, प्रशिक्षित कार्यकर्ते व शाळांतील कार्यक्रम यांवर भर दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यास दाभोलकरांची हत्या झाली. ज्या कायद्याचा त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता, त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला व डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने तो कायदा संमत केला. समितीचे कामही थांबले नाही. संस्थापकाच्या पश्चात टिकण्यास शाखांची बांधणी उपकारक ठरते, हे यावरून दिसते. नवमानवतावाद्यांनी नेमकी हीच बांधणी तत्त्वतः दूर ठेवली होती.

मग १९४८ चा निर्णय चुकीचा होता काय? केवळ संघटनेच्या आयुर्मानावरून निर्णय द्यावयाचा तर उत्तर होकारार्थी येईल. परंतु पक्ष म्हणून टिकून राहिलेल्या या लहानशा गटाला आणीबाणीत सर्व पक्षांतील माणसांचा विश्वास संपादन करता आला असता काय, हाही प्रश्न विचारावा लागतो. सत्तेची अभिलाषा नसणे हेच तेव्हा त्या मंडळींचे भांडवल ठरले, आणि ते कलकत्त्याच्या अधिवेशनातूनच आलेले होते. विसर्जनाने पक्षाचे राजकारण संपविले. नागरिकाच्या राजकारणाला मात्र तेथून वाट मिळाली. मूळ निर्णयातील उणीव इतकीच की, पक्ष आणि संघटना यांतील भेद त्यात पुरेसा केला गेला नाही. पक्ष टाळूनही संघटना राखता येते, हे त्याच परंपरेतील माणसांनी १९६९ मध्ये व पुन्हा १९८० मध्ये आपल्या कृतीने मान्य केले. विवेकाला शिस्तीचे भय वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शिस्तीवाचून विवेकाचा वारसा पुढील पिढीकडे सोपविता येत नाही, हा या चळवळीच्या इतिहासाचा निष्कर्ष होय.