नियुक्तीची तारीख आणि निवृत्तिवेतनाची खासगी बाजू

माहिती अधिकार कायदा 12 ऑक्टोबर 2005 रोजी पूर्णपणे अमलात आला आणि त्यानंतर अवघ्या वीस दिवसांनी, 1 नोव्हेंबरपासून, महाराष्ट्रात नव्याने सेवेत येणाऱ्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी परिभाषित अंशदान योजना, म्हणजे दरमहा वेतनातून कपात होऊन स्वतःच्या खात्यात रक्कम साठवणारी पद्धत, लागू झाली. परिणामी जिल्हा परिषदेच्या सेवाज्येष्ठता यादीतील नियुक्तीच्या तारखेवरूनच कर्मचारी कोणत्या योजनेचा सभासद आहे, हे सहसा कळते. भार सार्वजनिक तिजोरीवर असल्याने ते उघड असणे रास्तच आहे, परंतु खात्यातील शिल्लक आणि वारसाचे नामनिर्देशन ही घरातली बाब होय. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सेवाविषयक तपशील व्यापक जनहिताअभावी वैयक्तिक ठरवले, तर 2023 च्या विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(ञ) मधील ही जनहिताची अटच वगळली.