झाडांमधली हवा

कथा-कादंबरीच्या समीक्षेत 'वातावरणनिर्मिती' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की, त्याचे नाते मुळात हवेशी आहे याचा विसर पडावा. निसर्गचित्रकाराला तो विसर परवडत नाही. दोन झाडांमधली हवा त्याला रंगातूनच घडवावी लागते.

तैलरंगात हे काम संथ चालते. प्रथम आकाश आणि क्षितिजालगतची झाडे पातळ, निळसर-करड्या छटांत मांडायची. रंग ओला असतानाच झाडांच्या कडा आकाशात मिसळू द्यायच्या. जवळ यावे तसा हिरवा उबदार होतो, छायाप्रकाशातला भेद वाढतो, रंगाचा थरही जाड होतो. इंग्लंडमध्ये कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडला निव्वळ ढगांचे तैलरंगी अभ्यास केले. १८४१ मध्ये धातूच्या नळीत रंग भरण्याची युक्ती निघाली आणि तैलरंग उघड्यावर नेणे सोपे झाले. आपल्याकडे ही पाश्चात्त्य पद्धत रुजली ती मुख्यतः १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेमुळे. परंतु तैलरंगाला मागणी होती ती प्रामुख्याने व्यक्तिचित्रांसाठी. संस्थानिक आणि धनिक स्वतःच्या चेहऱ्याचे पैसे देत. बाभळीचे कोण देणार?

आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. जे. जे.तील शिक्षणानंतर ते कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला; पण त्यांचे मन रमले ते कोटितीर्थ आणि रंकाळ्याच्या परिसरात. जलरंग आणि तैलरंग ही दोन्ही माध्यमे त्यांनी हाताळली. त्यांच्या निसर्गचित्रांत झाडाची जात ओळखण्याआधी दिवसाचा प्रहर जाणवतो.

उल्हासनगरच्या कॅम्प १ मधील विद्यार्थ्याला हा इतिहास परका वाटण्याचा संभव आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचे कोटितीर्थ येथे कोणाच्या वाट्याला आले? दुसऱ्या महायुद्धकाळातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधील निर्वासित येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीची आठवण 'कॅम्प' या शब्दात अजून टिकून आहे. ज्यांच्या आजोबांची झाडे सिंधूच्या काठी राहिली, त्यांनी इथले झाड 'आपले' म्हणून कसे रंगवावे?

आबालाल कोल्हापूरचेच, हे खरे. पण जन्माने गाव मिळते, दृश्य मिळत नाही; ते पुनःपुन्हा पाहून मिळवावे लागते. तो अधिकार छावणीत जन्मलेल्यालाही आहे. शहाडजवळ उल्हास नदी वाहते. पावसाळ्यात तिच्या काठची झाडेही दूर जाता जाता निळसर होत जातात. फरक इतकाच की, इथल्या क्षितिजावर कारखान्यांच्या चिमण्याही आहेत. समोरच्या करड्या रंगात धुके किती आणि धूर किती, हे चित्रकाराला आधी ठरवावे लागेल. 'वातावरणनिर्मिती' हा शब्द लिहिताना समीक्षकानेही एवढे तरी ठरवायला हवे.