'मिस्सा' शब्दाचे कुळ

'मित्तेरे' हा लॅटिन धातू. अर्थ मुख्यतः दोन : पाठविणे आणि सोडणे. पण या एका धातूची इंग्रजीतील वंशावळ पाहू गेल्यास नवल वाटते. इस्पितळात रुग्ण 'ॲडमिट' होतो, म्हणजे आत सोडला जातो. कचेरीतून नोकर 'डिसमिस' होतो, म्हणजे दूर धाडला जातो. 'परमिट', 'प्रॉमिस', 'कमिटी', 'मेसेज' ही सारी याच घरची लेकरे. फेकून मारावयाचे 'मिसाईल' हेही त्यांचेच भावंड. आणि ज्याला इंग्रज 'मास' व आपण 'मिस्सा' म्हणतो, तो शब्दही.

'युखारिस्ट' या ग्रीक नावात उपकारस्तुती आहे, 'भाकर मोडणे' या नावात प्रत्यक्ष कृती आहे. 'मिस्सा' या नावात मात्र विधीविषयी अक्षरही नाही! 'इते, मिस्सा एस्त' या समारोपाच्या घोषणेतून ते आले : 'जा, विसर्जन झाले आहे.' 16 व्या शतकात काही पंडितांना हे साधे मूळ रुचेना. त्यांनी एका अर्पणवाचक हिब्रू शब्दाशी त्याचे नाते जोडून पाहिले. ते टिकले नाही. इ. स. 500 च्या सुमारास व्हिएन्नचे बिशप संत आव्हितुस यांनी राजा गुंडोबाद याला लिहिले आहे की, मंदिरांप्रमाणेच राजवाड्यात आणि न्यायसभेतही लोकांना निरोप देताना 'मिस्सा' झाल्याचे पुकारले जाते. म्हणजे शब्द दरबारी, रोजच्या व्यवहारातला. प्राचीन ख्रिस्तसभेत प्रवचनानंतर दीक्षार्थींना निरोप दिला जाई व अखेरीस श्रद्धावंतांना. हळूहळू निरोपाचे नाव सगळ्या विधीलाच पडले.

इंग्रजांनी तो शब्द सणांनाही जोडला. 'ख्रिसमस' म्हणजे ख्रिस्ताची मिस्सा. 1 ऑगस्टचा 'लॅमस' म्हणजे नव्या धान्याच्या पावाची मिस्सा. आपल्या वसईत शब्द आला तो पोर्तुगीजांच्या मुखातून, 1534 ते 1739 या त्यांच्या अमदानीत. म्हणूनच वसईकरांची 'मिस्सा' इंग्रजांच्या 'मास'पेक्षा मूळ लॅटिनला अधिक जवळची आहे.

1570 च्या मिस्साग्रंथात तर या घोषणेनंतरही आशीर्वाद आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ येई. 'जा' म्हणून सांगितलेले लोक तसेच उभे! द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर पोप सहावे पॉल यांनी 1969 साली नवा विधी घालून दिला, त्यात आशीर्वाद आधी व निरोप शेवटी आला. (कम्युनियन घेऊन तडक दाराकडे वळणाऱ्यांच्या कानी मात्र ज्या शब्दाने विधीला नाव दिले, तोच पडत नाही.)

'मिस्सा'त 'मिशन' आहे, असे प्रवचनांत वारंवार सांगतात. व्युत्पत्तीने दोन्ही शब्द सख्खे असले, तरी प्राचीनांच्या मनी तेव्हा निव्वळ विसर्जन होते, हे आमच्या मते मान्य केलेच पाहिजे. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीही 2007 च्या आपल्या पत्रकात तेच नोंदविले आणि 'पाठवणी' हा सखोल अर्थ ख्रिस्ती वापरात पुढे हळूहळू मुरला, असे म्हटले. मराठीला हे समजणे अवघड नाही. आपल्याकडे निरोप दिला जातो, आणि निरोप पाठविलाही जातो. पुढच्याच वर्षी, 2008 मध्ये, त्यांनी समारोपासाठी काही नवी पर्यायी वाक्ये मंजूर केली. त्यांपैकी एक, जाऊन प्रभूचे शुभवर्तमान घोषित करा, असे सांगते.