मामा तलाव कुणाचे?



आमच्या भागात तलावाला ‘मामा तलाव’ म्हणतात. बाहेरून सून होऊन आलेल्या बाईला आधी हसू येतं. पण हा मामा आईचा भाऊ नव्हे. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची ती पहिली अक्षरं. त्या ‘माजी’ शब्दातच तलावांचा सगळा इतिहास आहे. तोच आज सांगतो आहोत.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांत असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात जंगल साफ करून तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळायची. या कामात कोहळी समाज पुढे होता. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. मातीची पाळ, शेताला पाणी सोडायला तुडुम, जास्तीचं पाणी जायला सांडवा, एवढीच ती रचना. पाऊस ओढला की तुडुम उघडायचं आणि धान वाचवायचं. मासे आणि शिंगाडे ढिवर समाजाचे. गाळ काढणं, पाळीवर माती टाकणं हे काम गावाचं. त्यात वेठबिगारीही होती, हे विसरून चालणार नाही.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. तलाव सरकारचे झाले. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे विभागाकडे गेले. जुलूम गेला हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर तलावाची काळजीही गावातून उठली. गाळ साचला. काठाची जमीन धानाखाली गेली. बेशरम माजली. उत्पन्नासाठी बाहेरचं मत्स्यबीज आलं. त्यातला गवत्या मासा पाणवनस्पती खातो. वनस्पती गेल्या, तशी मरळ, शिंगूर, वाघूर ही आपली मासळीही कमी झाली.

हे बायांच्या आधी लक्षात आलं. मासळीची टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव फिरणाऱ्या बाईला टोपलीत काय कमी झालं ते कळणारच. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर महिला पुढे आल्या आणि तलावात उतरल्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेशरम उपटायची, तळ नांगरायचा आणि देशी पाणवनस्पती लावायच्या. माशांना अंडी घालायला जागा होते, पाखरांना खाणं मिळतं.

त्यांचं पाहून आमच्या गटांनीही सुरुवात केली. पहिल्या वर्षी आम्ही बेशरम वरून कापली आणि तिथेच टाकली. पावसात कांडी-कांडीला फुटवे आले, होती त्याहून जास्त झाली. दुसऱ्या वर्षी मुळासकट काढली, वाळवली, चुलीत घातली. लावलेली रोपं जनावरांनी खाल्ली. मग काट्यांचं कुंपण केलं, गुराख्यांच्या घरी जाऊन बोललो. तेव्हा कुठे काठाला हिरवं दिसलं.

पण खरी अडचण बेशरमीची नव्हती. ग्रामसभेत एका काकांनी विचारलं, “तलाव सरकारचा, मासे संस्थेचे. तुम्हा बायांचं तिथे काय काम?” आमच्यातली एक ढिवर आजी उठली. म्हणाली, “बाबू, पाळीवर माती टाकली तेव्हा नाही विचारलं.” सभेत कुणी बोललं नाही.

आजी खरं बोलली. तलाव राजाच्या, मालगुजाराच्या, सरकारच्या नावावर झाला. माती वाहणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही. आमच्या गावच्या मासेमारी संस्थेच्या यादीत आजही एकही बाई नाही. आम्ही अर्ज दिला आहे. उत्तर येईपर्यंत रोपं लावणं थांबवणार नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या गावचा तलाव कुणाच्या ताब्यात आहे, ते ग्रामपंचायतीत विचारा. आणि घरातल्या आजीला मासे आणि पाणवनस्पतींची नावं विचारून वहीत उतरवा. आजीनंतर ती नावं सांगणारं कुणी राहणार नाही.