स्ट्रिगेमिया मेरिटिमा

संधिपाद संघाच्या शतपाद वर्गातील, जिओफिलोमॉर्फा गणातील एक आंधळी गोम. कुल लिनोटीनिइडी. शास्त्रीय नाव स्ट्रिगेमिया मेरिटिमा (लीच, १८१७). ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ विल्यम एल्फर्ड लीच यांनी तिला जिओफिलस वंशात घातले होते. पुढे वंश बदलला, म्हणून संकेतानुसार त्यांचे नाव कंसात येते.

वायव्य युरोपच्या किनाऱ्यांवर, भरतीच्या रेषेजवळ साचलेल्या गोट्यांखाली ती राहते. तांबूस रंगाचे, चपटे, दोऱ्यासारखे अंग लांबीला सुमारे चार सेंटिमीटर भरते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला अलगद गोटा उचलला, तर अंड्यांच्या पुंजक्याभोवती वेटोळे घालून बसलेली मादी दिसते. पाठ अंड्यांकडे, पोट बाहेर. पिल्ले हिंडूफिरू लागेपर्यंत ती जागा सोडत नाही.

या गणाची ओळख पायांवरून पटते. आपल्याकडे घरात निघणाऱ्या मोठ्या गोमेला पायांच्या २१ किंवा २३ जोड्या असतात. जिओफिलोमॉर्फा गणात मात्र २७ पासून १९१ पर्यंत. संख्या कमीजास्त झाली तरी ती विषमच राहते. त्यामुळे ५० जोड्या, म्हणजे नेमके शंभर पाय, या गणातल्या गोमेला नसतात. ‘शतपाद’ हे नाव मोजून दिलेले नाही. स्ट्रिगेमियात मादीला नरापेक्षा साधारण दोन जोड्या जास्त असतात, आणि उत्तरेकडे जावे तशी जोड्यांची संख्या घटते. गर्भात शरीराचे बरेचसे खंड दोन-दोनच्या तालात आखले जातात; विषमतेचे मूळ तिथे असावे, असे भ्रूणवैज्ञानिक मानतात. अंड्यातून निघाल्यानंतर पायांची एकही जोडी वाढत नाही. धडाची पहिली जोडी चालण्यासाठी नसतेच. तिचे विषारी नखर झालेले असतात.

२०१४ मध्ये स्कॉटलंडमधील ब्रोरा येथील गोमांवरून या जातीचा जीनोम प्रसिद्ध झाला. बहुपादांपैकी वाचला गेलेला हा पहिला जीनोम. डोळे नाहीत हे तर दिसतच होते. पण प्रकाश टिपणाऱ्या नेहमीच्या प्रथिनांची जनुकेही त्यात सापडली नाहीत, आणि दिवस-रात्रीचे जैविक घड्याळ चालवणारी परिचित जनुकेही नाहीत. अंधारात राहून शरीर काय काय गमावते, हे इतके स्पष्ट दाखवणारा प्राणी विरळाच. गोगलगायी आणि बारीक कवचधारी जीव हे तिचे खाद्य. वास व स्पर्श यांच्या आधारे ती ते शोधते.