लाईट होती

कसबा बावड्यातल्या आमच्या घरात २०१० साली मी सुटे पार्ट आणून एक कॉम्प्युटर जोडला. २०१९ च्या पावसाळ्यापर्यंत त्याची अशी गत झाली की चालू व्हायला चहा पिऊन व्हायचा आणि चालू झालाच तर मध्येच मान टाकायचा. त्या काळाची चार साधनं माझ्याकडे आहेत: पार्टांचं बिल, त्याआधीचं कोटेशन, आमच्या आण्णांची दोनशे पानी वही आणि विंडोज ७ ने स्वतः लिहिलेला सिस्टम लॉग. पाचवं साधन म्हणजे जुना लॉग. तो २०१८ मध्येच गेला. एका दुकानात 'व्हायरस आहे' असं ठरलं आणि तीनशे रुपयांत फॉरमॅट मारला गेला. दप्तरखान्याला आग लागते ती अशी.

आण्णांची वही हे अव्वल साधन. कारखान्यातल्या नोकरीत पाळी बदलताना लॉगबुक भरायची सवय लागलेली. निवृत्तीनंतर ती कॉम्प्युटरवर उतरली. तीन रकाने: वेळ, काय चालू होतं, लाईट. तिसऱ्या रकान्यात दोनच नोंदी आलटून पालटून येतात, 'लाईट गेली' किंवा 'लाईट होती'. गंमत म्हणजे सगळा दोष लाईटचा, हे आण्णांचं ठाम मत होतं. यूपीएसची बॅटरी केव्हाच संपली होती, त्यामुळे त्यांच्या म्हणण्यात दम होता. मला रॅमचा संशय होता. मेमटेस्ट रात्रभर चालवला, सकाळी एकही चूक नव्हती. माझा पक्ष तिथंच बाद.

डिस्कला हात लावण्याआधी लॉग पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. जीर्ण कागदाची आधी नक्कल करतात, तसं.

या लॉगची भाषा आकड्यांची. ६००६ म्हणजे रीतसर बंद झालो. ४१ म्हणजे न सांगता गेलो. ६००८ ही नोंद पुढच्या वेळी चालू झाल्यावर पडते: मागच्या खेपेला अमुक तारखेला, अमुक वाजता अचानक बंद पडलो. वाचताना एका ठिकाणी मी थबकलो. नोंदीवर तारीख १ जानेवारी २००९, आणि आत मजकूर ऑगस्ट २०१९ मधल्या बंद पडण्याचा. मोडी कागदात असं काही आढळलं असतं तर बनावट म्हणून बाजूला ठेवलं असतं. पण हा कागद अस्सल होता. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सीआर२०३२ सेल मेला होता. भिंतीतून वीज येत असेपर्यंत एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, बोर्डाला थोडी वीज पुरवत राहतो आणि घड्याळ चालतं. वीज तुटली की ते सेलवर जगतं. सेलच नसेल तर बोर्ड आपल्या जन्माच्या आसपासची एखादी तारीख धरून बसतो. आमच्या बोर्डाची ती २००९.

पेशवेकालीन कागदांतल्या सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन हाती येतो. सूर्य मृगात गेला की त्याचं वर्ष बदलतं, हे लक्षात ठेवलं की झालं. इथं तेवढं सोपं नव्हतं, कारण तारीख आण्णा हाताने लावत आणि एकदा चुकले. २०१९ च्या ऑगस्टातल्या पुराच्या आठवड्यात त्यांनी ऑगस्टऐवजी जुलै लावला. दोन दिवसांच्या नोंदी खऱ्या जुलैतल्या नोंदींत जाऊन मिसळल्या. सोडवणूक केली ती अनुक्रमांकाने. प्रत्येक नोंदीला लॉग चढता क्रमांक देतो, कचेरीतल्या आवक क्रमांकासारखा. तारीख मागे गेली तरी तो मागे जात नाही. दुसरा आधार वहीच्या समासात सापडला. आण्णांनी लिहिलं होतं, 'बंधारा ४३ च्या वर. शिये रस्ता बंद.' राजाराम बंधारा आमच्या बावड्याचाच. तिथं ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद होता. मग जुलैचा मुखवटा घातलेल्या त्या नोंदी कुठल्या, याबद्दल शंका उरली नाही.

मेलेल्या सेलनेच पुढचं काम सोपं केलं. ६००६ नंतर तारीख २००९ वर गेली असेल, तर ती आण्णांची रात्र: काम आटोपून भिंतीवरचं बटण बंद करणं. ४१ आणि २००९ एकत्र असतील, तर लाईट खरोखर गेली. पण ४१ पडूनही घड्याळ शाबूत असेल, तर भिंतीत वीज होती आणि घात आतून झाला. क्षणभराच्या झटक्याने घड्याळ पुसलं जात नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर वहीत आहे: अशा बहुतेक वेळी तिसऱ्या रकान्यात 'लाईट होती' आणि दोनदा पुढे 'पंखा फिरत होता'. स्वतःच्या मताविरुद्ध जाणारी साक्ष आण्णा प्रामाणिकपणे लिहीत राहिले. अशा साक्षीदाराला मी जास्त मानतो.

४१ च्या पोटात आणखी एक आकडा असतो. बहुतेक ठिकाणी तो शून्य होता, म्हणजे निळा पडदा दाखवण्याइतकीही उसंत मिळाली नाही. काही ठिकाणी १२२ होता. डिस्कवरून हवं ते पान वाचता आलं नाही, असा त्याचा अर्थ. त्याच्या आगेमागे डिस्कच्या ७ क्रमांकाच्या नोंदी, खराब ब्लॉकच्या. डिस्क स्वतःच ठेवते त्या स्मार्टच्या तक्त्यात, वाचता न आलेल्या जागांच्या १९७ क्रमांकासमोर शून्य हवं, तिथं शून्य नव्हतं. कॉम्प्युटरच्या रांगण्याचं मूळ हेच. डिस्क एकेक जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि तोवर माउसही गोठतो. म्हणजे दुखणी दोन. एकातून दुसरं उद्भवलं का, हे सांगणारा कागद नाही, म्हणून तसं लिहीत नाही.

उरला शून्याचा प्रश्न. बारा व्होल्टच्या पिवळ्या वायरीला मल्टीमीटर लावला. नुसता चालू असताना ११.९, व्हिडिओ लावून प्रोसेसर तापवला तर ११.२. पाच टक्क्यांच्या सवलतीनेही ११.४ च्या खाली जायला नको. नवा एसएमपीएस आणल्यावर जुना बरेच दिवस तसाच ठेवून उघडला. पंख्याच्या पात्यांवर मेणचट धुळीचा थर. आत तीन कपॅसिटरांची डोकी पुऱ्यांसारखी फुगलेली आणि एकाच्या बुडाशी तपकिरी खपली. कपॅसिटरभोवतीची उष्णता दहा अंशांनी वाढली की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. नऊ वर्षं त्याने काढली, हेच पुष्कळ.

बिलात एसएमपीएसची वेगळी ओळ नाही. 'कॅबिनेट, एसएमपीएससह' एवढंच. मी दुकानाला दोष द्यायच्या बेतात होतो, तेवढ्यात कोटेशन पुन्हा पाहिलं. तिथं सातव्या ओळीत चांगला एसएमपीएस वेगळा लावलेला आहे, आणि त्यावर निळ्या बॉलपेनने आडवी रेघ मारून समासात 'नको' लिहिलंय. अक्षर माझं.

नवी डिस्क, नवा एसएमपीएस आणि नवा सेल बसवल्यावर वहीची गरज संपली असं मला वाटलं. आण्णांना तसं वाटलं नसावं. पुढच्या पानावर बरेच दिवस पहिले दोन रकाने कोरे आहेत. मग एक नोंद: 'दुपारी लाईट गेली. आली. तारीख बरोबर.'