परत आलेल्या लेकराला आपण काय विचारतो?

माझी मुलगी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली आणि सुट्टीत तिने मोबाइलवर एक जुनी अमेरिकन मालिका बघून संपवली. 'फाइंडिंग कार्टर'. २०१४-१५ ची. कार्टर नावाची पोरगी आईसोबत मजेत राहत असते. एका रात्री पोलिसांच्या हाती लागते आणि तिथं तिला कळतं की जिला आपण आई म्हणतो तिने आपल्याला तीन वर्षांची असताना पळवून आणलंय. तिला खऱ्या घरी पाठवतात. तिथं आईवडील, जुळी बहीण, भाऊ सगळे आहेत. पण पोरीचा जीव तिथं रमत नाही. ती पळवणाऱ्या बाईकडेच परत जायला बघते.

मुलगी मला म्हणाली, "पप्पा, खरी आई समोर उभी आहे आणि ही चोरून नेणारीसाठी रडते. असं कसं?"

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. नंतर लक्षात आलं की या प्रश्नाचं उत्तर आमच्या वढू बुद्रुकच्या मातीतच आहे, फक्त आपण ते कधी विचारत नाही.

वढू म्हटलं की छत्रपती संभाजी महाराजांची समाधी. ११ मार्च १६८९. फाल्गुन अमावास्येला इथं पाय ठेवायला जागा नसते. २०२५ मध्ये 'छावा' सिनेमा आल्यानंतर तर गर्दी आणखी वाढली. लांबलांबची तरुण पोरं येतात, डोळे पुसत बाहेर पडतात. बातमीसाठी मी तिथं कितीदा तरी उभा राहिलोय. महाराजांचे हाल कसे झाले, अंत्यसंस्कार कोणी केले, यावर बोलणारे शेकडो भेटतात. त्यावरून डिसेंबर २०१७ मध्ये गावात फलकाचा वाद झाला आणि लगेच १ जानेवारीला कोरेगाव भीमात काय झालं ते सगळ्या देशाने पाहिलं. पण इतक्या वर्षांत एकाही माणसाने मला विचारलं नाही, की त्या दिवशी ज्याचा बाप गेला तो पोरगा कुठं होता? त्याचं पुढं काय झालं?

तो पोरगा रायगडावर होता. सात वर्षांचाही झाला नव्हता. जन्म १८ मे १६८२. आपण ज्यांना सातारचे थोरले शाहू महाराज म्हणतो ते हे. कोल्हापूरचे राजर्षी शाहू वेगळे, ते खूप नंतरचे. नावामुळे अजूनही घोटाळा होतो म्हणून सांगितलं.

बाप गेल्यावर आठ महिन्यांत, नोव्हेंबर १६८९ मध्ये, रायगड पडला. राजाराम महाराज आधीच गडाबाहेर पडले होते. येसूबाई राणीसाहेब आणि बाळ शाहू मोगलांच्या हाती लागले आणि औरंगजेबाच्या छावणीत गेले. आता हे मालिकेतल्यासारखं लपूनछपून पळवणं नव्हतं, ती राजकैद होती. आई सोबत होती. आपण कोण, हे पोराला माहीत होतं. हा फरक मी नाकारत नाही. पण सात वर्षांचं लेकरू, बापाला मारणाऱ्याच्या तंबूशेजारी, तब्बल साडेसतरा वर्षं वाढलं. दुधाचे दात तिथं पडले, मिसरूड तिथं फुटलं, लग्नंही तिथंच झाली.

छावणी म्हणजे तुरुंगाची कोठडी नव्हे. ते चालतंफिरतं शहर होतं. बादशहाच्या तंबूंभोवतीच्या आवाराला गुलालबार म्हणत, शाहूचा डेरा त्यातच असे. १६९५ पासून काही वर्षं हा तळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला होता, मंगळवेढ्याच्या बाजूला. म्हणजे वढूवरून वाहत जाणारं पाणीच पुढं त्या पोराच्या डेऱ्याजवळून जात होतं.

औरंगजेबाने त्याला राजा हा किताब आणि सात हजारी मनसब दिली. यात प्रेम किती आणि हिशेब किती हे उघड आहे. मराठ्यांचा वारस हातात म्हणजे पुढंमागं कामी येणारा मोहरा. त्याला धर्म बदलायला लावायचा घाटही घातला गेला. तेव्हा प्रतापराव गुजरांच्या मुलांनी आपल्यावर घेतलं आणि शाहूला वाचवलं. पण त्याच छावणीत बादशहाची मुलगी झीनतुन्निसा होती. तिने या मायलेकांना जीव लावला. हेही तितकंच खरं आहे. एकाच कनातीच्या आत दहशतही होती आणि मायाही होती. पोरगं दोन्ही खाऊन मोठं झालं.

१७०७ च्या सुरुवातीला औरंगजेब अहमदनगरला मेला. त्याचा मुलगा आझमशहा गादीसाठी उत्तरेकडे निघाला. वाटेत भोपाळजवळच्या दोराहा इथून मे १७०७ मध्ये शाहूला सोडण्यात आलं. दया म्हणून नव्हे. हा परत गेला की मराठ्यांत दोन तट पडतील, हा साधा डाव होता. आणि आईला ओलीस ठेवून घेतलं. शाहू तेव्हा पंचवीस वर्षांचा.

आता इथून पुढं नीट बघा. अठरा वर्षांनी घरी परतणाऱ्या या पोराचं स्वागत कसं झालं?

ताराराणींनी जाहीर केलं, हा शाहू नव्हेच, हा तोतया आहे.

ताराराणींना मी इथं खलनायिका करणार नाही. राजाराम महाराज १७०० मध्ये गेल्यावर या बाईने सात वर्षं औरंगजेबाला झुंजवलं. शत्रूच्या घरात वाढलेला पोरगा शत्रूचं बाहुलं होऊन आला नसेल कशावरून, ही शंका अगदीच हवेतली नव्हती. शिवाय स्वतःच्या मुलाची गादी होतीच मध्ये. पण शंका मांडली गेली ती 'तू खरा की खोटा' या एकाच शब्दात. शहानिशा करायला खंडो बल्लाळांना पाठवल्याचं बखरी सांगतात. त्यांनी हा खराच म्हणून सांगितलं. सेनापती धनाजी जाधव लढायला म्हणून आले आणि शाहूकडे वळले. १२ ऑक्टोबर १७०७ ला खेडला, म्हणजे आताच्या राजगुरुनगरला, भीमेच्याच काठी लढाई झाली आणि शाहू जिंकला. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला राज्याभिषेक झाला. जिथं बापाचा अंत झाला त्याच नदीच्या वरच्या अंगाला पोराला आपण त्याचाच पोरगा आहोत हे तलवारीने सिद्ध करावं लागलं.

याच परतीच्या वाटेवरच्या दोन गोष्टी आहेत. आपल्या व्याख्यानांत त्या सहसा येत नाहीत.

पहिली. सुटून आल्यावर शाहू खुलदाबादला औरंगजेबाच्या कबरीवर गेला. त्या काळचा फारसी इतिहासकार खाफीखान याने हे नोंदवलंय. मार्च २०२५ मध्ये याच कबरीवरून नागपुरात दंगल पेटली होती. त्या दिवसांत मी ही नोंद एका ग्रुपवर टाकली, तर दहा मिनिटांत शिव्या सुरू झाल्या. "शंभूराजांचा पोरगा असं करूच शकत नाही." काही जण दुसऱ्या टोकाला. "बघा, शाहू पहिल्यापासून मिळमिळीतच." मला दोन्ही पटत नाही. कबरीवर जाणं हे राजकारणही असेल, मोगलांना दिलेल्या शब्दाचा भाग असेल. आणि ज्याच्या छायेत सातव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत जगलो तो म्हातारा गेला, हेही असेल. बापाचा मारेकरी आणि पालनकर्ता एकच असला तर पोराच्या काळजात काय होत असेल हे ग्रुपवर बसून ठरवणारे आपण कोण?

आणि त्याने बापाचं राज्य बुडवलं का? उलट. त्याच्या कारकिर्दीत १७१९ मध्ये दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आल्या. मराठी फौजा माळव्यात, गुजरातेत, बुंदेलखंडात गेल्या. १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीवर जाऊन आला. मोगल घराण्याबद्दलचा ओलावा आणि मराठ्यांचं राज्य वाढवणं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात राहिल्या.

दुसरी गोष्ट पारद गावची. शाहू परत येताना तिथल्या पाटलाने, लोखंड्यांनी, वाट अडवली. चकमक झाली, पाटील मारला गेला. त्याच्या विधवेने आपलं तान्हं पोर शाहूच्या पालखीत आणून घातलं. शाहूने ते ठेवून घेतलं. विजय मिळाला म्हणून नाव ठेवलं फत्तेसिंह, आडनाव दिलं भोसले. पोटच्या पोरासारखं वाढवलं. अक्कलकोटचं राजघराणं ते हेच.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. बापाला मारणाऱ्याच्या घरात वाढलेला माणूस, सुटून परत येतानाच, आपल्या हातून बाप गेलेलं पोर घरात घेतो. ते पोर काय काय घेऊन मोठं होणार हे त्याच्याइतकं ठाऊक असलेला दुसरा माणूस त्या फौजेत कोण असणार होता?

येसूबाई राणीसाहेब परतल्या १७१९ मध्ये. जवळजवळ तीस वर्षांनी. मुलगा तेव्हा सदतीस वर्षांचा. त्या भेटीवर आपल्याकडे सिनेमा नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा तीनशे वर्षांपूर्वीचा राजवाड्याचा मामला, आज त्याचं काय? तर अंधेरीचं सांगतो. जानेवारी २०१३ मध्ये सात वर्षांची एक मुलगी शाळेत जाताना गायब झाली. मूल नसलेल्या एका जोडप्याने नेली होती. त्यांना स्वतःचं मूल झाल्यावर तिला घरकामाला जुंपलं. ती सापडली ऑगस्ट २०२२ मध्ये, सोळा वर्षांची होऊन, स्वतःच्या घरापासून जेमतेम पाचशे मीटरवर. सोबत काम करणाऱ्या बाईने इंटरनेटवर शोध घेतला, जुनं पोस्टर सापडलं, त्यावरचा एक नंबर अजून चालू होता. डी. एन. नगर ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांनी हरवलेल्या १६६ मुलींपैकी १६५ शोधल्या होत्या. राहिलेली एक ही. ते २०१५ मध्ये निवृत्त झाले तरी तिचा फोटो जवळ बाळगून होते. मुलगी घरी आली तेव्हा वडील हयात नव्हते.

सगळ्या चॅनेलवर मायलेकींची मिठी दिसली. चांगलंच होतं ते. पण मिठीनंतरच्या सोमवारी काय झालं, ते दाखवायला कोणी थांबलं नाही.

दुसऱ्यांना कशाला बोलू? बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याच भागातल्या एका कामगार वस्तीतलं पोरगं दीड वर्षाने सापडलं. मी तीन कॉलमची बातमी केली, 'चिमुकला आईच्या कुशीत'. शाबासकी मिळाली. पुढं कधीतरी त्याची आई बाजारात भेटली. म्हणाली, "दादा, रात्री उठून दुसऱ्याच बाईला हाका मारतो. मला मावशी म्हणतो. शेजारचे म्हणतात, हे तुझंच हाय का नक्की?" मी मान हलवली आणि निघून आलो. त्याची बातमी केली नाही. कशी करायची तेच कळलं नाही. शेजारचे विचारत होते तो प्रश्न १७०७ चाच होता, एवढं आज कळतंय.

कायदा आपल्यापेक्षा थोडा पुढं आहे. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण समजूनच गुन्हा नोंदवायचा. 'येईल घरी, वाट बघा' चालणार नाही. २०१५ चा बाल न्याय कायदा म्हणतो की मुलाबाबत निर्णय घेताना त्याचं वय आणि समज बघून त्याचंही म्हणणं ऐकायचं. बाल कल्याण समिती त्यासाठीच असते. १०९८ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो. पण पोर घरात आल्यावर त्याला पहिला प्रश्न समिती विचारत नाही. तो आपण विचारतो. घरचे, शेजारचे, शाळेतले, आणि आम्ही पत्रकार.

मुलीला मी शेवटी एवढंच सांगितलं. "जिने पळवून आणलं तिचा गुन्हा मोठाच. तिला शिक्षा झालीच पाहिजे. पण पोरीने तिच्यासाठी रडणं हा पोरीचा गुन्हा नाही. आणि रडली म्हणून ती खऱ्या आईची नाही, असंही होत नाही."

ती म्हणाली, "मग तिला काय विचारायचं?"

मी म्हटलं, "जेवलीस का, एवढं विचारावं. बाकीचं ती तिच्या वेळेने सांगेल."

पुढच्या फाल्गुन अमावास्येला वढूला याल तेव्हा समाधीपुढं हात जोडा. आणि त्या सात वर्षांच्या पोराचीही एकदा आठवण काढा. तो आपला होता. खुलदाबादला जाऊन आला तरी आपलाच होता.